‘धों.’ : एका आद्याक्षराचा माग

आमचा छापखाना सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी तालुक्याच्या गावी आहे आणि त्याचा निम्मा चरितार्थ लग्नपत्रिकांवर चालतो. १९९१ साली जुने ट्रेडल मशीन घेऊन मी धंदा सुरू केला, तेव्हा इतिहास-संशोधनाशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकापुरताच होता. पण तीसपस्तीस वर्षे पत्रिका जुळवणाऱ्या माणसाला एक गोष्ट न शिकता कळते. नावे पत्रिकेत खालून वर सरकतात. आज मध्यभागी मोठ्या टायपात असलेले वराचे नाव वीसपंचवीस वर्षांनी ‘यांचे चिरंजीव’च्या ओळीत येते, आणखी वीसपंचवीस वर्षांनी ‘यांचे नातू’च्या ओळीत, आणि शेवटी ‘कै.’ लावून अगदी वरती. तिथून पुढे ते पत्रिकेबाहेर जाते.

धोंडीबा, धोंडू, धोंडो ही नावे मी धंद्यात पडलो तेव्हाच आजोबांच्या ओळीत होती. वराचे नाव म्हणून ‘धोंडो’ माझ्या छापखान्यात एकदाही जुळवले गेले नाही. आता तर ते ‘कै.’च्या ओळीतूनही निघून चालले आहे. एखादे नाव असे डोळ्यांदेखत संपताना पाहिले की ते आले कुठून हे पाहावेसे वाटते. माझ्या बाबतीत आणखीही एक कारण होते, पण ते पुढे सांगेन.

मराठी वाचकाला हे नाव आज भेटते ते बहुधा मधल्या आद्याक्षरातून. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर, ना. धों. ताम्हनकर. पहिल्या नावाला बिचकणारे लोक हे ‘धों.’ मात्र सहज उच्चारतात, कारण तो त्यांना माणसाच्या नावाऐवजी टोपणनावाचा तुकडा वाटतो. ताम्हनकरांच्या बाबतीत एक गंमत आहे. धोंडोंच्या या मुलाने मराठी मुलांना जो नायक दिला त्याचे नाव ‘गोट्या’! धोंड्याच्या पोटी गोटा यावा हे रीतसरच झाले.

नावाचा अर्थ उघड आहे. धोंडा म्हणजे दगड. भाषेने या शब्दाला फारसे प्रेमाने वागवलेले नाही. आपण पायावर धोंडा पाडून घेतो, नको असलेली जबाबदारी म्हणजे गळ्यातला धोंडा, आणि अक्कल नसलेला तो नुसता धोंडा. पाऊस लांबला की गावोगाव पोरे ‘धोंडी’ मागत फिरत. एखाद्याच्या अंगाला लिंबाचा पाला बांधून त्याला दारोदार नेत आणि घरची बाई त्याच्यावर घागर ओती. तिथेही धोंडी म्हणजे ज्याच्यावर पाणी पडले तरी काही उगवत नाही तो, असेच मी समजतो.

एक घोटाळा आधी दूर करायला हवा. दादासाहेब फाळक्यांचे नाव धुंडिराज. ते काशीच्या ढुंढिराज गणपतीवरून आलेले वेगळे नाव आहे, त्याचा धोंड्याशी संबंध नाही. पुढे दोन्ही नावांची सरमिसळ झाली आणि काही घरांत ‘आमचा धोंडो म्हणजे खरा धुंडिराज’ असे सांगण्याची रीत पडली. या सांगण्यामागची लाज कळण्यासारखी आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही.

नाव एकच असले तरी शेपूट लावताना समाजाने पायऱ्या केल्या. कागदोपत्री ब्राह्मण घरात तो धोंडो किंवा धोंडोपंत. दुसऱ्या बाजीरावाचा दत्तकपुत्र, सत्तावनचा नानासाहेब, याचे नाव हेच. त्याला पकडून देणाऱ्यास इंग्रजांनी एक लाखाचे बक्षीस लावले होते, आणि ते घेण्याचे भाग्य कुणाला लाभले नाही. लढवय्या असला तर धोंडजी. टिपूच्या पाडावानंतर कर्नाटकात धुमाकूळ घालणारा धोंडजी वाघ १० सप्टेंबर १८०० रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडला. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या या सेनापतीने त्याच्या लहान मुलाच्या संगोपनाची सोय लावली. शेतकऱ्याच्या घरी तो धोंडीबा किंवा धोंडू. आणि गावकुसाबाहेर, हाक मारणारा गावचा असेल तर, धोंड्या. बायकांतही धोंडाबाई, धोंडूबाई, दगडाबाई होत्या. जयपूर-अत्रौली घराण्याच्या, केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी २०१४ सालापर्यंत आपल्यात होत्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हाती शस्त्र घेतलेल्या जालना जिल्ह्यातल्या दगडाबाई शेळके त्याआधी एक वर्ष गेल्या.

हे नाव का ठेवीत, याची दोन उत्तरे जुनी माणसे देतात. पहिले असे की मूल धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात झाले म्हणून धोंडू. अधिक महिन्यात लग्नमुंज नाही, सणवार नाहीत. वांझ महिना म्हणून तो दगडाचा. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे आणि तेहेतीस अनारसे देण्याची चाल त्या रुक्षपणावर शोधलेला गोड उपाय असावा. हे उत्तर सोयीचे आहे, सांगायला सोपे आहे आणि कुणाला दुखवत नाही. म्हणूनच मला त्याची थोडी शंका आली.

हिशेब करून पाहिला. १९ वर्षांत अधिक महिने येतात सात आणि एकूण चांद्रमास होतात २३५. म्हणजे शंभर मुलांतली सरासरी तीनच मुले अधिक महिन्यात जन्मणार. त्यातल्या प्रत्येक मुलाचे नाव धोंडू ठेवले असते तरी गावात शंभरात तीनच धोंडू झाले असते, आणि सगळेच पालक काही हे नाव ठेवणारे नव्हते. शिवाय मार्गशीर्ष, पौष, माघ हे महिने जवळजवळ कधीच अधिक होत नाहीत. थंडीत सूर्याची गती जास्त, त्यामुळे सौर महिना आखूड पडतो आणि चांद्रमास त्याच्या आत मावत नाही. तेव्हा हिवाळ्यात जन्मलेला धोंडू भेटला, तर त्याचे नाव महिन्यावरून आलेले नाही असे जवळपास खात्रीने म्हणता येते.

सर्वांत प्रसिद्ध धोंडोवर ही कसोटी लावून पाहिली. महर्षी कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, शके १७८०. त्या वर्षी अधिक मास होता, हे जुने पंचांग न उघडताही सिद्ध करता येते. १५ मार्च १८५८ रोजी सूर्यग्रहण झाले, म्हणजे त्या दिवशी फाल्गुनी अमावास्या आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. तिथून सरळ मोजत गेले तर जूनच्या मध्यावर आषाढ लागला पाहिजे. पण झाशीच्या राणीची पुण्यतिथी आपण ज्येष्ठ शुद्ध सप्तमीला पाळतो आणि ती पडली जूनच्या १७-१८ तारखेला. म्हणजे वाटेत एक महिना जादा आला. तो अधिक ज्येष्ठ, मेच्या मध्यापासून सुरू झालेला. कर्वे त्याच्या जवळजवळ चार आठवडे आधी, वैशाखात जन्मले. बाराव्या दिवशी बारसे झाले असे धरले तरी वैशाख संपत नाही. तेव्हा ‘अण्णा धोंड्या महिन्यातले’ हे काही खरे नाही. त्यांच्या थोरल्या भावाचे नाव भिकाजी होते हे लक्षात ठेवले, म्हणजे घरातली दिशा दिसू लागते. भीक मागून मिळालेला एक आणि दगड समजून ठेवलेला दुसरा.

दुसरे उत्तर याच दिशेचे आहे. ज्या घरात मुले जगत नसत तिथे पुढच्या मुलाला टाकाऊ नाव देत, म्हणजे दृष्ट लागू नये आणि आधीची मुले नेणाऱ्याने हे मूल मोलाचे नाही असे समजून सोडून द्यावे. केरबा, केरू हे केरातले. कचरू कचऱ्यातला. कोंडिबा, कोंडाजी कोंड्याच्या मोलाचा. दगडू, धोंडू हे दगड. भिकाजी, भिकू मागून आणलेला. नथू म्हणजे मुलीसारखे नाक टोचून मुलगा असल्याचे लपवलेला. काही घरांत मूल खरोखरच सुपात घालून उकिरड्यावर ठेवीत आणि दुसऱ्या बाईकडून मूठभर धान्याला ‘विकत’ घेत. हा व्यवहार नाटकी नव्हता. तो करताना आई रडत असे, असे मी दोन वृद्ध बायांकडून ऐकले आहे.

या चालींची नोंद मराठी मुलखात सर्वांत पद्धतशीर कुणी केली असेल तर नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने. आपण त्याला ओळखतो ते ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आला असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेने घातलेल्या गोळ्यांमुळे. पण हाच माणूस गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून दृष्ट, सटवाई, नवस यांची माहिती गोळा करत होता. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेनने ती संपादून छापली. कोकणचा खंड १९१५ सालचा. अशा नावांची चर्चा त्यात आहे. मास्तरांनी ती लिहिताना कितीदा स्वतःच्याच घराकडे पाहिले असेल, हा विचार ते पुस्तक वाचताना माझ्या मनातून जात नव्हता.

ही युक्ती आपल्या एकट्याची नव्हे. बंगालमध्ये तीन कवड्यांना विकलेला तो तीनकडी आणि पाच कवड्यांना विकलेला तो पाचकडी. तमिळ कुप्पुस्वामीतला ‘कुप्पै’ म्हणजे केर, तेलुगू पेंटय्यातला ‘पेंटा’ म्हणजे उकिरडा, कन्नड तिप्पण्णातला ‘तिप्पे’ म्हणजेही तेच. आणि इचलकरंजी-बेळगाव पट्ट्यात आपण रोज ऐकतो ते कल्लाप्पा. कन्नडात कल्लु म्हणजे दगड, म्हणजे हा आपल्या धोंडीबाचा सख्खा भाऊ. पंजाबातल्या अशा नावांवर रिचर्ड टेंपल याने १८८३ सालीच एक पुस्तक लिहिले.

इतकी टाकाऊ नावे उपलब्ध असताना दगड इतका लोकप्रिय का झाला? केर, कचरा, कोंडा ही नावे मृत्यूला फसवण्यापुरतीच आहेत. दगडात आणखी काही आहे. दगड टाकाऊही आहे आणि टिकाऊही. गृह्यसूत्रांतल्या जातकर्मात बाप नवजात मुलाच्या खांद्याला स्पर्श करून म्हणतो की तू दगड हो, परशू हो, सोने हो. विवाहात वधूला दगडावर उभे करून त्याच्यासारखी स्थिर हो असे सांगतात. आपल्या बारशातही पाळण्यात आधी निजतो तो वरवंटा. त्याला कुंची घालतात, पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि मग मूल ठेवतात. लोक त्याला गंमत म्हणून हसतात. पण पाचवीला पूजला जातो तोही पाटा-वरवंटाच, हे लक्षात घेतले तर मुलाच्या आधी एक दगड पुढे करण्यामागची भीती दिसते. धोंडू हे नाव म्हणजे तोच वरवंटा, फक्त बारशानंतर न काढलेला. त्यात तिरस्काराचा आव आहे आणि आतून आशीर्वाद आहे. गोव्यातल्या पेद्रूलाही हे सांगायला हरकत नाही. त्याच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ दगडच, आणि तिथे तर तो कौतुकाने दिलेला आहे.

इथपर्यंत आलो तेव्हा हा निबंध मी एका स्थानिक अंकासाठी लिहायला घेतला होता. त्या वेळी एका मित्राने विचारले, ‘बलुतं’ वाचलं आहेस का? वाचले होते, पण या अंगाने नाही. दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ च्या त्या आत्मकथनात लेखक ज्याच्याशी बोलत राहतो, ज्याला टाळू पाहतो आणि टाळू शकत नाही, तो हा दगडू. तिथे या नावात आशीर्वाद कुठेच नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे जुगुप्सित असावे अशी आज्ञा आहे. म्हणजे जे एका घरात मरणाला चकवण्यासाठी आपणहून घेतलेले सोंग होते, तेच दुसऱ्या घरात बाहेरून लादलेले माप होते. धोंडो कर्वे ‘महर्षी’ होऊ शकले, १९५८ साली भारतरत्न झाले, नाव आड आले नाही. धोंड्याला मात्र त्याच्या नावाची आठवण गाव दिवसातून दहा वेळा करून देई. दोन्ही घरांत मुले मरतच होती, दुसऱ्यात अधिक. त्यामुळे गावकुसाबाहेरच्या एखाद्या विशिष्ट धोंडूचे नाव आईने ठेवले की गावाने, हे आज कागदावरून सांगता येत नाही. आंबेडकरी चळवळीतल्या पिढीने ही नावे टाकली तेव्हा ती चौकशी करत बसली नाही, आणि तिने बसायलाही नको होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात ही बाजू नव्हती. तो मी छापायला दिला नाही.

आता ते दुसरे कारण.

माझ्या वडिलांचे नाव दिनकर. माझ्या नावात मध्ये ‘दि.’ आहे. पण आजी मरेपर्यंत त्यांना धोंडू म्हणे. पाहुणे आले की वडील वैतागत, “आई, दिनकर म्हण की.” ती एकदा म्हणाली ते मला शब्दशः आठवते, कारण मी तेव्हा हसलो होतो. “दिनकर म्हणून हाक मारली तर त्येला कळंल न्हवं.” कुणाला कळेल, हे मी विचारले नाही. आम्हा नातवंडांना तिने नेहमी एवढेच सांगितले, की तुझा बा धोंड्याच्या महिन्यात झाला, म्हणून धोंडू.

वडील सरकारी कचेरीत कारकून होते. पहिल्या वर्षी तिथे त्यांची थट्टा होई. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडाले की कुणीतरी म्हणे, “कागदावर ठेवायला धोंडू आणा.” १९६९ साली त्यांनी राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलले. ते कात्रण त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, आणि त्या वयात मला ते पाहून वडिलांचा राग आला होता. आजीने दिलेले नाव चार कारकुनांच्या हसण्यावरून टाकले, असे मला वाटे. कचेरीत मी कधी बसलो नाही, त्यामुळे हे मत मला परवडत होते.

शाळेच्या दाखल्यावर वडिलांची जन्मतारीख १ जून १९४२ आहे. पंचांगाचा हिशेब शिकल्यावर मी सर्वांत आधी तीच तारीख पाहिली. १९४२ साली अधिक ज्येष्ठ होता, मेच्या मध्यापासून १३ जूनपर्यंत. तारीख अगदी मध्ये बसली. आजीचे म्हणणे खरे ठरले याचा मला आनंद झाला, आणि सांगायला हरकत नाही, थोडी निराशाही. माझी शंका निदान घरात तरी खोटी ठरली होती.

चाळिशीत मी मोडी शिकलो होतो, हौसेपोटी. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम मागणी आली. लोक तहसिलातून जुन्या नोंदींच्या प्रती आणत आणि छापखान्यात येऊन माझ्याकडून वाचून घेत. त्यांत बहुतेक गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची गावची वही. तिच्यात बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, तारीख एवढेच असते. बाळाचे नाव नसते, कारण नोंद बारशाआधीची. एकदा आमच्याच गावची १९३४ ते १९४३ ची पाने समोर आली.

आजोबांच्या नावावर जानेवारी १९४२ मध्ये एक मुलगा आहे. पौष महिना. जूनमध्ये त्यांना काही झालेले नाही. १ जून ही तारीख मास्तरांनी घातलेली. त्या काळी शाळेत नाव घालताना निम्म्या गावाचा जन्म १ जूनला होत असे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या घरी ती तारीख नेमकी अधिक महिन्यात पडली आणि आजीच्या गोष्टीला पुरावा मिळाला, इतकेच. पौषातला धोंडू महिन्यावरून झालेला नसतो.

मग मी मृत्यूची पाने उलटली. १९३५, मुलगा, वय ७ दिवस. १९३७, मुलगा, वय ९ दिवस. १९४०, मुलगी, वय १ वर्ष २ महिने, कारण देवी. पहिल्या दोघांपुढे कारण ताप लिहिले आहे. सातव्या-नवव्या दिवशी मूल जाते ते बहुधा धनुर्वाताने. नाळ विळ्याने कापत आणि जखमेवर राख भरत. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येते हा समज आणि या रोगाची घटका, यांचे अंतर तीनचार दिवसांचेही नाही. बारशाच्या आत गेल्यामुळे त्या दोघांना नावच मिळाले नाही. मुलीला मिळाले असणार, वहीत नाही.

ही आमच्या घरापुरती गोष्ट नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक मुले वर्षाच्या आत मरत. २०२० साली महाराष्ट्रात हा आकडा १६ होता. धोंडो हे नाव मागे का पडले याची कारणे लोक अनेक सांगतात. शाळेच्या हजेरीत ते विनोदी वाटू लागले, नाटकांतल्या गड्यांना तेच नाव मिळू लागले, कादंबऱ्यांतून अनुवादित होऊन आलेली बंगाली नावे गोड वाटली. ही सगळी खरी आहेत. पण माझ्या मते त्याला संपवले ते देवीच्या लशीने, दायांच्या प्रशिक्षणाने आणि गरोदर बाईला दिलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनने. ज्याला फसवायचे तो दारात येईनासा झाला, मग सोंग कशाला? आणि या बदलात एका धोंडोच्या मुलाचा हात आहे, हे विसरू नये. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कमी मुले व्हावीत आणि झालेली जगावीत, हे सांगणाऱ्याच्या नावात वडिलांचा तो धोंडा कायम होता.

या नावांच्या पंक्तीत काही लोक ‘नकुशी’ही बसवतात. मला ते मान्य नाही. २०११ साली आमच्याच सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशींची नावे जाहीर कार्यक्रमात बदलण्यात आली. धोंडू नावामागे ‘हवा आहे, पण तसे म्हणायचे नाही’ असे असते. नकुशी हे नाव जे म्हणते तेच त्याला म्हणायचे असते. दोन्ही नावे ऐकायला एकाच कुळातली वाटतात, पण एक देवाशी खोटे बोलते आणि दुसरे मुलीशी खरे.

दगड तसा पुरता गेलेला नाही. शैलेश, शैला ही त्याचीच संस्कृत वस्त्रे. पुण्यात तर एका हलवायाचे नाव गणपतीलाच लागले आहे आणि ‘दगडूशेठ’ म्हणताना कुणाला दगड आठवत नाही. २०१४ च्या ‘टाइमपास’मध्ये नायकाचे नाव दगडू होते. पोरांनी ते डोक्यावर घेतले, पण बारशात कुणी वापरल्याचे माझ्या कानावर नाही.

गेल्या वर्षी ती पाने घेऊन मी वडिलांपुढे बसलो. आता ते ८३ वर्षांचे आहेत. मोडी त्यांना येत नाही, म्हणून मी वाचून दाखवले. जानेवारीची नोंद ऐकून ते म्हणाले, “म्हणजे मी पाच महिने आधीच रिटायर व्हायला हवं होतं.” मग मी मागची पाने वाचली. ते थोडा वेळ गप्प बसले.

“दोन माहीत होते,” ते म्हणाले. “तिसरी मुलगी होती हे तिनं कधी सांगितलं नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“नाव कशाला ठेवलं ते मला माहीत नसेल का, अरे?”

“मग बदललंत कसं?”

“तोवर मी सत्तावीस वर्षांचा झालो होतो. आता कोण नेतं, म्हटलं.” आणि थोड्या वेळाने, “नेतं झाल्यावर तिनं सहा महिने मला हाकच मारली नाही. मग पुन्हा धोंडू म्हणायला लागली.”

माझ्या मुलीचे लग्न यंदा मार्गशीर्षात आहे. पत्रिका अर्थात मीच जुळवली. आजोबांच्या ओळीत ‘श्री. दिनकर (धोंडू)’ असे घालून मी प्रूफ त्यांच्याकडे दिले. कंसातले त्यांनी पेन्सिलने कापले, बाकी शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या. पत्रिकेत दिनकरच छापले आहे. कोतवाल बुकाच्या त्या पानांची नक्कल मात्र त्यांनी मागून घेतली. ती आता ट्रंकेत, राजपत्राच्या कात्रणाबरोबर ठेवलेली आहे.